तेरावा महिना

“मी मंठ्याचा” असं सांगितलं की वर्गातले पुण्या-नाशिककडचे मित्र हसतात. त्यांना ‘मठ्ठा’ ऐकू येतो. फर्स्ट इयरला तर काहींनी माझं नाव ‘जिलेबी’ ठेवलं होतं. मठ्ठ्याबरोबर जिलेबी पाहिजेच ना! असो. मठ्ठा ताटात असतो आणि मंठा जालना जिल्ह्यात, एवढा फरक आता आमच्या सगळ्या विंगला पाठ झाला आहे.

मंठा हे तालुक्याचं गाव जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आहे. जालन्याहून एस.टी.त बसायचं आणि वाटूर फाट्यावरून पुढे यायचं. आमच्या एका अंगाला परभणी जिल्ह्यातलं जिंतूर, सेलू, तर दुसऱ्या अंगाला बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार, तेच ते उल्का पडून झालेलं सरोवर. त्यामुळे आमच्याकडे मराठवाड्याचा माणूस भेटतो तसा विदर्भाचाही भेटतो. रेल्वे धरायची तर परतूर गाठावं लागतं. मॉल, मल्टिप्लेक्स वगैरे विचारू नका. आमच्याकडे आहे तो आठवडी बाजार.

आमचं गाव मंठ्यापासून नऊ किलोमीटरवर. दोन एकर रान आणि एक विहीर. त्या विहिरीच्या जिवावर माय आणि आप्पा जो भाजीपाला करतात, तो दर आठवड्याला मंठ्याच्या बाजारात जातो. मेथी, शेपू, कोथिंबीर, वांगी, गवार. उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला की नुसत्या हिरव्या मिरच्या. बाजारच्या आदल्या दिवशी दुपारनंतर आमच्या घरी कुणालाच दुसरं काम नसतं. भाजी काढायची, जुड्या बांधायच्या, ओल्या बारदानाखाली झाकून ठेवायच्या. पहाटे अॅपे रिक्षा येतो. त्यात आधी कॅरेट आणि पोती चढतात, माणसं उरलेल्या जागेत. मी दहावीपर्यंत किती बाजार असे पोत्यावर बसून केले असतील, याचा हिशेब नाही.

ज्यांनी आठवडी बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बाजारात मायची जागा कुणी लिहून दिलेली नाही, पण ती ठरलेली आहे. आजारपणात माय दोन बाजार गेली नाही तरी शेजारची मावशी तिथं कुणाला बसू देत नाही. सकाळी पावतीवाला येतो. त्या बैठकीच्या पैशाला जुनी माणसं अजून ‘तहबाजारी’ म्हणतात, हा शब्द निजामाच्या राज्यातून राहिलेला. भाजीच्या ओळीच्या पुढे मसाल्याची ओळ, धने, खोबरं, दगडफूल, सुक्या मिरच्यांचा ठसका. मग बांगड्या भरणारे, कटपीसचे ढीग, विळे-खुरप्यांना धार लावणारे, माठवाले, गोडीशेव आणि भज्यांची कढई. पोळ्याच्या आधीच्या बाजारात कासरे, मोरक्या, गोंडे, घुंगरमाळा यांनी रस्ता रंगून जातो. अलीकडे मोबाईलच्या कव्हरची दोन-चार दुकानंही तिथंच, माठवाल्याला खेटून बसतात.

भावाचीही एक गंमत आहे. सकाळी जी मेथीची जुडी दहाला एक असते, ती दुपारी दहाला दोन होते आणि दिवस कलला की दहाला तीन. विमानाचं तिकीट वेळ जवळ येईल तसं महाग होतं, आमची मेथी मात्र वेळ संपत येईल तशी स्वस्त होते. सकाळी नोकरदार आणि हॉटेलवाले येतात. रोजंदारीवर गेलेल्या बाया मजुरी हातात पडल्यावर, संध्याकाळी येतात. म्हणजे उतरता भाव त्यांच्या वेळेला जुळून येतो. मी लहानपणी मायला म्हणायचो, “सकाळीच सगळं दहाला दोन दे ना, लवकर घरी जाऊ.” ती म्हणायची, “मंग सांजच्याला येणाऱ्या बायांनी काय न्यावं? त्याहीच्या घरी लेकरं हायेत ना.” मॅनेजमेंटच्या पेपरात मागणी-पुरवठ्याचा आलेख काढताना मला ही मेथी नेहमी आठवते.

पण आज मला बाजाराचं वर्णन करायचं नाही. मला बाजाराच्या घड्याळाबद्दल सांगायचं आहे.

आमच्या आजीला सोमवार, मंगळवार फारसे लागत नाहीत. ‘बाजारच्या आदल्या दिवशी’, ‘बाजार होऊन दोन दिस झाले’ हे तिचं कॅलेंडर. उधारीसुद्धा ‘पुढच्या बाजारी देते’ या बोलीवर चालते. मजुरीचा हिशेब बाजारच्या दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी चुकता होतो. सालगडी गुढीपाडव्याला वर्षभरासाठी ठरतो, पण त्याच्याही घरी आठवड्याला मीठ-तेल लागतं, म्हणून तोही मालकाकडून बाजारापुरते पैसे घेतो. तेलाची बाटली अशी भरून आणायची की पुढच्या बाजारापर्यंत पुरावी. थोडक्यात, आमच्याकडे पैसा आठवड्याला येतो आणि आठवड्याला जातो. महिना हा प्रकार शाळामास्तर, तलाठी आणि बँकेतल्या साहेबांचा.

२०२२ मध्ये मी इंजिनिअरिंगला आलो आणि पहिल्याच दिवशी या महिन्याशी गाठ पडली. होस्टेलच्या फॉर्मवर रकाना होता, ‘पालकांचे मासिक उत्पन्न’. आप्पा पेन हातात धरून बराच वेळ थांबले. मग त्यांनी खिडकीतल्या क्लार्कला विचारलं, “साहेब, कोणत्या महिन्याचं लिहावं?” क्लार्कला वाटलं हा माणूस थट्टा करतोय. पण आप्पांचा प्रश्न अगदी बरोबर होता. पावसाळ्यातला महिना वेगळा, चैत्रातला वेगळा. आणि चार बाजारांचा महिना वेगळा, पाच बाजारांचा वेगळा.

हे पाच बाजारांचं काय, ते सांगतो. माझं मेसचं बिल महिन्याला २८०० रुपये. ते पाच तारखेच्या आत भरायचं, नाहीतर रोज दहा रुपये दंड. माय दर बाजारातून ७०० रुपये तांदळाच्या डब्यात बाजूला टाकते. चार बाजार झाले की २८०० होतात. म्हणजे चार बाजारांचा एक मेस-महिना. आता हिशेब करा, तुम्ही सगळे एम-थ्री पास झालेले आहात! वर्षात बाजार किती? ५२. त्याला ४ ने भागलं तर उत्तर १३ येतं, १२ नाही. म्हणजे तुमच्या घरी वर्षाला बारा महिने असतील, आमच्या घरी तेरा असतात.

‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण आपल्याला माहीत आहे. आधीच दुष्काळ, त्यात अधिक मास आला, म्हणजे खाणारं पोट तेच आणि ढकलायचा महिना एक जास्त. मराठवाड्याच्या माणसाला ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. पण आमच्या डब्यातला तेरावा महिना याच्या नेमका उलटा आहे. तो खर्चाचा नाही, जमेचा महिना आहे. ज्या महिन्याच्या १, २ किंवा ३ तारखेला बाजार येतो आणि महिना ३१ दिवसांचा असतो, त्यात पाच बाजार पडतात. ३० दिवसांचा असेल तर १ किंवा २ तारखेला बाजार आला पाहिजे. मायला हे सूत्र कुणी शिकवलं नाही. ती जानेवारीत नवीन कालनिर्णय भिंतीवर लागलं की बाजाराच्या तारखांना पेन्सिलनं गोल करते आणि पाच गोलांची पानं दुमडून ठेवते. वर्षात अशी चार पानं निघतात, कधी पाच. आजीचा चष्मा, माझी परीक्षा फी, आप्पांच्या फवारणी पंपाची दुरुस्ती, हे सगळं ती त्या दुमडलेल्या पानांवर ढकलते. “पाच बाजारांचा महिना येऊ दे, मंग पाहू,” हे आमच्या घरातलं सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य आहे. एखादा बाजार पावसात वाहून गेला की हेच वाक्य अजून एक महिना पुढे सरकतं, आणि इकडे माझा रोजचा दहा रुपयांचा दंड चालू होतो.

काही मित्रांना वाटतं की हे सगळं अडाण्यांचं गणित. तसं नाही. आजीकडे अजून पितळी मापटं आणि लाकडी पायली आहे. १९५६ साली देशात मेट्रिक वजनमापांचा कायदा झाला, हळूहळू बाजारात किलो-ग्रॅम आले, पण घरातली ज्वारी आजी अजून मापट्यानंच मोजते. पहिलं माप टाकताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणते. तिचं कोष्टक असं आहे: दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशेरी, दोन अडशेऱ्यांची पायली. पुढे सोळा पायल्यांचा मण. कॉम्प्युटर ब्रँचच्या मित्रांनो, ही बायनरी आहे! प्रत्येक पायरीला दुप्पट, आणि सोळा म्हणजे दोनाचा चौथा घात. वीस मणांची खंडी तेवढी या नियमाला अपवाद. कारण साधं आहे. ज्याला आकडे लिहिता येत नाहीत त्यालाही अर्धं करता येतं. ढिगाचे दोन सारखे भाग करायला काटा लागत नाही, नजर पुरते. दशांश पद्धतीत दहावा भाग नजरेनं काढून दाखवा बरं!

आणि आमच्या भागातल्या माणसाला हिशेब पक्का ठेवावाच लागायचा. १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त होईपर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो आणि लोणार-मेहकरचा मुलूख इंग्रजांच्या कारभारात. इकडे निजामाचा ‘हाली’ रुपया, तिकडे इंग्रजांचा ‘कलदार’. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. आजीचे सासरे सरहद्दीच्या दोन्हीकडचे बाजार करायचे आणि हा सातास-सहाचा हिशेब तोंडी करायचे, असं ती सांगते. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

बाजाराचं हे घड्याळ फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये तेराव्या शतकात हेन्री डी ब्रॅक्टन यांच्या नावाचा कायद्याचा एक मोठा ग्रंथ झाला. त्यात नवा बाजार जुन्या बाजारापासून किती लांब असावा, याचं गणित दिलं आहे. माणूस दिवसात वीस मैल चालतो. दिवसाचे तीन भाग करा. एक भाग जायला, एक भाग खरेदी-विक्रीला, एक भाग उजेडात घरी यायला. म्हणून वीसाचा तिसरा हिस्सा, सहा आणि दोन-तृतीयांश मैल, एवढ्या अंतराच्या आत दुसरा बाजार भरला तर तो पहिल्याचं नुकसान करतो. आपल्या मापात हे अंतर पावणेअकरा किलोमीटरच्या आसपास येतं. आमचं गाव मंठ्यापासून नऊ किलोमीटर आहे, हे मी वर सांगितलंच. आजी तरुणपणी डोक्यावर पाटी घेऊन चालत जायची आणि दिवे लागायच्या आत परत यायची. तिनं ब्रॅक्टनचं नाव ऐकलेलं नाही, पण तिचा दिवस बरोबर त्याच तीन भागांत वाटलेला होता. यॉर्कशायरमधल्या सेटल नावाच्या छोट्या गावाला १२४९ मध्ये राजाकडून मंगळवारच्या बाजाराची सनद मिळाली आणि तिथला बाजार अजूनही मंगळवारीच भरतो. राजे गेले, गिरण्या आल्या, सुपरमार्केट आली, तरी वार बदलला नाही. खेड्यातल्या माणसाची सोय एकदा एका वारावर बसली की ती सहजासहजी हलत नाही.

हलली ती २०२० मध्ये. तेव्हा मी दहावीला होतो. मार्चमध्ये भूगोलाचा शेवटचा पेपर आधी लांबला, मग रद्दच झाला. आम्ही पोरं खूश. त्याच सुमारास आठवडी बाजार बंद झाले. पहिल्या आठवड्यात कुणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मायनं काढलेली मेथी गावातच वाटली. तिसऱ्या आठवड्यात विहिरीला पाणी होतं, रानात वांगी होती, पण घरात तेल नव्हतं. माल असून पैसा नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माय सकाळी पाटी घेऊन गल्लीत फिरायची. कुणी वांग्यांच्या बदल्यात ज्वारी द्यायचं, कुणी डाळ. पैसे कुणाकडेच नव्हते, कारण सगळ्यांचा पैसा त्याच बाजारातून यायचा. गावातल्या एका नोकरदार काकांचा पगार मात्र महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होत होता. त्यांचा राग नाही, उलट त्यांनीच त्या काळात आमच्याकडून रोख पैशांनी भाजी घेतली. पण त्या दिवसांत मला कळलं की महिना ही एक भिंत आहे. तिच्या आत असलेल्या माणसाला बाहेरचं ऊन-पाऊस थोडं उशिरा लागतं. आजी म्हणायची, “बाजार नाही तं वारच कळंना.” तिच्यासाठी नुसता धंदा थांबला नव्हता, दिवस मोजायचं साधनच बंद पडलं होतं.

बाजार पुन्हा सुरू झाले तेव्हा एक नवीन गोष्ट आली होती. यूपीआय तसं २०१६ मध्येच सुरू झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदीही झाली. पण आमच्या ओळीत क्यूआर कोडची पाटी लागली ती कोरोनानंतर. मायच्या पुढ्यातही आता आप्पांच्या खात्याचा कोड असतो, कोथिंबिरीच्या पाण्यानं भिजू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये घातलेला. सुरुवातीला मायला तो अजिबात आवडला नाही. “हे पैसे पदरात बांधता येत न्हाईत. पैसे आले म्हणतंय, पण कुठं आले?” हा तिचा सवाल. शिवाय बाजार उठताना तिला तिथल्या तिथं तेल, साखर, आजीच्या गोळ्या घ्यायच्या असतात, त्याला रोखच बरी वाटते. मग तिनं स्वतःच तोड काढली. रोख आलेलं घरखर्चाला, मोबाईलवर आलेलं माझ्या शिक्षणाला. तांदळाचा डबा आता निम्मा मोबाईलमध्ये गेला आहे. दर बाजारच्या रात्री आठ-साडेआठला माझा फोन वाजतो आणि ७०० रुपये जमा झाल्याचा मेसेज येतो. कधी ६४० येतात. त्या रात्री मी फोन करून भाव विचारत नाही, पाऊस होता का एवढंच विचारतो.

होस्टेलमध्ये चार वर्षं राहिल्यावर लक्षात आलं की महिन्याच्या बाहेरचा मी एकटाच नाही. माझ्या रूम पार्टनरचे आई-वडील बीडहून ऊसतोडीला जातात. त्यांच्याकडे पैसा हंगामाच्या आधी उचल म्हणून येतो आणि पुढचे सहा महिने ती फेडण्यात जातात. समोरच्या खोलीतल्या मित्राकडे चार म्हशी आहेत, त्यांच्या दुधाचा पैसा दहा दिवसांनी मिळतो. एकाचे वडील गवंडी, त्यांचा हिशेब शनिवारी. चौघांच्या घरची चार घड्याळं, आणि भिंतीवर नोटीस एकच, ‘५ तारखेपर्यंत’. दंड दहाच रुपये आहे, हे खरं. पण बारा तारखेपर्यंत थांबलं की सत्तर होतात. सत्तर रुपये म्हणजे संध्याकाळच्या भावानं मेथीच्या एकवीस जुड्या. त्या मी स्वतः बांधलेल्या आहेत, म्हणून मला त्या मोजता येतात.

गेल्या महिन्यात मी हे आमच्या मेसच्या काकांना सांगितलं. मला वाटलं ते वैतागतील. ते म्हणाले, “अरे, मला तर बरंच आहे. तुम्ही पैसे महिन्याला देता, भाजीवाला मला रोज मागतो. निम्म्या पोरांनी आठवड्याला दिले तर मला दुकानदाराकडं उधारी करावी लागणार नाही.” म्हणजे तेही महिन्याच्या बाहेरचेच निघाले!

म्हणून रेक्टर सरांना आणि मेस कमिटीला एक विनंती करतो. मेसच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवावा, ‘साप्ताहिक’. ज्याला महिन्याचं सोयीचं त्यानं महिन्याचं भरावं, ज्याला आठवड्याचं त्यानं ७०० रुपये आठवड्याला, महिन्यात चारदा. जेवण तेच, पैसे तेवढेच, फक्त तारीख वेगळी. हिशेब वाढेल हे मान्य, पण एवढी कॉम्प्युटरची मुलं इथं आहेत, एक छोटं सॉफ्टवेअर करायला कुणाला जड जाणार नाही. मी स्वतः परीक्षेनंतर बसून ते करून द्यायला तयार आहे. मी तर या वर्षी बाहेर पडतोय, फायदा झाला तर पुढच्या मुलांना होईल.

अर्ज लिहून तयार आहे. आतापर्यंत त्यावर ३८ सह्या झाल्या आहेत, त्यात महिन्याच्या महिन्याला बिल भरणाऱ्यांच्याही आहेत. अर्ज मेसच्या काउंटरवर, पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवला आहे. पेन दोऱ्याला बांधलेलं आहे. ज्यांना पटेल त्यांनी जेवायला जाता-येता सही करावी.